गाळलेला द

हेडमास्तरांची चिठ्ठी आण्णाप्पा मगदुमांनी तिसऱ्यांदा वाचली, आणि तिसऱ्यांदाही आकडा एकोणीसच निघाला.

"विंग्रजीत बावन्न, गणितात एकसष्ट, इतिहास बरा हाय," सोप्यात समोर बसलेल्या धाकट्या भावाला ते म्हणाले. "आणि तुझ्या त्या अर्धमागधीत शंभरात एकोणीस."

"माझ्या व्हय?"

"मग माझ्या? मी सांगितलतं काय पोरीला, ती घे म्हणून?"

शांतिनाथानं हातातली कपबशी खाली ठेवली. तो बेळगावला पोस्टात कारकून होता, शहापुरात बिऱ्हाड करून राहत होता, आणि घरात काही बिनसलं की पहिल्या सर्व्हिस मोटारीनं निपाणीला येऊन उतरायची त्याची जुनी खोड होती. या खेपेला मात्र त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तीन वर्षांपूर्वी पुतणी शालन इंग्रजी चौथीत गेली, तेव्हा त्यानंच या सोप्यात मांडी घालून सांगितलं होतं, की संस्कृत कशाला, अर्धमागधी घे. आपल्या धर्माची भाषा. आपली आक्का रोज सकाळ-संध्याकाळ पाठ म्हणते, तो तिच्यातच तर आहे. घरात शिकवणी असताना बाहेर कशाला जायचं? तेव्हा ते सगळ्यांना पटलं होतं.

हायस्कुलात ती भाषा शिकवणारे एक मास्तर तेव्हा होते. सहा महिन्यांत ते सांगलीकडे निघून गेले. नामं चालवून झाली होती, क्रियापदं राहिली होती. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. वर्गातली तीन मुलं उठून संस्कृतात जाऊन बसली, आणि शालननं हट्टानं घेतलेलं सोडलं नाही. हेडमास्तर म्हणाले, पुस्तक आहे ना, वाच तुझी तू. वर्षाअखेरीला त्या विषयाचा पेपर काढणारंच कोणी नसे, म्हणून ते तिला सरसकट पन्नास मार्क देऊन टाकत. मॅट्रिकच्या आधीच्या या प्रिलिमला मात्र पेपर बाहेर कुणाकडे तरी तपासायला गेला, आणि पन्नासाचे एकोणीस झाले.

चिठ्ठीत खाली आणखी दोन ओळी होत्या. पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर लेखी दिलं तरच मुलीचा मॅट्रिकचा फॉर्म पाठवू. मंगळवारपर्यंत. आज रविवार होता.

"मी लिवून देणार न्हाय," आण्णाप्पा म्हणाले. "माझी पोरगी मॅट्रिकला बसली, हे सांगायला मला आवडलं असतं. बसून पडली, हे बाजारात ऐकायला आवडणार न्हाय."

"मी म्हणतो, बसू दे की. झालं तर झालं." शांतिनाथ म्हणाला खरा, पण आवाजात जोर नव्हता. सल्ला त्याचा होता आणि एकोणीस मार्क त्या सल्ल्याला पडले होते. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "न्हाय तर पुढच्या वर्षी बसवू. यंदा नको. अण्णा म्हणतोय त्यात तथ्य आहे."

"फुडल्या वर्षी कशी बसंल?" जयाबाई माजघराच्या दारातून म्हणाली. शालनची आई. "सदलग्याच्या माझ्या भावाचा तिसरा निरोप आलाय. मॅट्रिक हुईस्तवर थांबा म्हणून आपणच त्येला थांबवलंय. मॅट्रिक न्हाय तर थांबायचं कशाला? वैशाखात लगीन उरकून टाकू."

एवढ्यात आतून आवाज आला. "जयाबाई, मालकास्नी सांग. पोरीनं अडीच वर्सं एकटीनं अभ्यास केलाय."

"वन्सं म्हंत्यात, पोरीनं अडीच वर्सं एकटीनं अभ्यास केलाय," जयाबाई म्हणाली.

"आक्काला सांग, म्हणूनच एकोणीस पडलं."

जयाबाईनं तेही आत पोचवलं. तिला आता त्याचं काही वाटत नसे. गुणाक्का ही आण्णाप्पांची दोन वर्षांनी थोरली बहीण. वीस वर्षं ती याच घरात राहत होती आणि वीस वर्षं भावाशी एक शब्द बोलली नव्हती. मानमोडीच्या साथीत, हुक्केरीकडच्या सासरी तिचा नवरा तापानं पडला, तेव्हा गाडी घेऊन ये म्हणून तिनं भावाला कागद धाडला होता. कागद वेळेत पोचला. भाऊ पोचला तो दोन दिवस उशिरा, सगळं आटोपल्यावर. तिचा कागद ते दोन दिवस याच सोप्यातल्या भिंतीतल्या कोनाड्यात, दिवळीत, पडून होता, हे तिला मागाहून कळलं. भावानं आणलेल्या गाडीतून ती माहेरी आली, आणि त्या दिवसापासून तिचं सगळं बोलणं जयाबाईमार्फत चाललं. शांतिनाथ पोस्टात खरा, पण घरातलं टपाल जयाबाईच वाहायची.

क्षमावणीच्या दिवशी बस्तीत, जैनांच्या देवळात, सगळी माणसं एकमेकांपुढं हात जोडतात, चुकलंमाकलं पोटात घाला म्हणतात. तो दिवस जवळ आला की गुणाक्काला हटकून चिकोडीच्या मावशीची आठवण यायची. दोन दिवस तिकडे राहून ती परत यायची, आणि कोणी काही विचारत नसे. मगदुमांच्या घरात राग लोणच्यासारखा मुरवायची रीत होती, आणि बरणी कोणी उघडायची हे कधी ठरलेलं नव्हतं.

शालन वर माळ्यावर होती. खाली काय चाललंय ते तिला सगळं ऐकू येत होतं, पण ती ऐकत नव्हती. समोर तपासून आलेला पेपर होता, आणि काकानं सकाळीच बेळगावहून आणलेलं व्याकरणाचं जुनं पुस्तक. असं पुस्तक असतं, एवढंच तिला गेलं वर्षभर माहीत होतं. काका शोध शोध शोधत होता, आणि शेवटी एका पेन्शनीत निघालेल्या मास्तरांच्या घरी ते मिळालं होतं. इंग्रजीत होतं. एकेक ओळ दोनदा वाचावी लागत होती.

माळ्याच्या झरोक्यातून पिकल्या तंबाखूचा वास येत होता. माघाच्या आधी निपाणीत हा वास सगळीकडे असायचा, कपड्यांना, पाण्याला, वह्यांच्या पानांना. पुढं शालन कितीतरी गावं फिरली, पण अभ्यास म्हटला की तिला आधी तो वास आठवायचा.

पेपरावर त्रेचाळीस लाल फुल्या होत्या. तिनं त्या पुन्हा पाहिल्या. पहिली फुली 'भणदि' या शब्दावर होती. दुसरी 'जाणदि'वर. तिसरी 'गच्छदि'वर. चौथ्या फुलीपाशी ती थबकली, आणि मग भराभर शेवटपर्यंत बोट फिरवत गेली.

'तो म्हणतो' याला आत्ती, म्हणजे गुणाक्का, म्हणायची भणदि. शाळेच्या पुस्तकात छापलेलं होतं भणइ. आत्तीचं जाणदि, पुस्तकातलं जाणइ. मास्तर असते तर क्रियापदांच्या पहिल्याच दिवशी त्यांनी काय ते सांगितलं असतं. मास्तर नव्हते. एका बाजूला कुठला तरी लांबचा छापखाना होता आणि दुसऱ्या बाजूला चाळीस वर्षं एका अक्षराला न चुकणारी आत्ती. शालननं निकाल आत्तीच्या बाजूनं दिला होता. छापणाऱ्यांनी अक्षरांचे खिळे वाचवायला द गाळला असणार, असं ठरवून तिनं अख्खं पुस्तक पेन्सिलीनं दुरुस्त करून काढलं होतं. पानापानावर, जिथं जिथं गाळलेला वाटला तिथं तिथं, वर एक बारीकसा द. त्या कामाला तिला दोन महिने लागले होते आणि तिला त्याचा अभिमान होता.

आता व्याकरणाच्या अकराव्या पानावर लिहिलं होतं, की दिगंबरांच्या जुन्या ग्रंथांची भाषा शौरसेनी, आणि तिच्यात मूळचा त मऊ होऊन द होतो. अर्धमागधीत तो गळून जातो.

छापखान्याचं काही चुकलं नव्हतं. आत्तीचंही नव्हतं. शालन आधी हसली, मग तिला रडू आलं, आणि मग दोन्ही पुस्तकं आणि पेपर उचलून ती मागच्या जिन्यानं परड्यात उतरली.

गुणाक्का सुपात जोंधळे निवडत बसली होती. भावाशी नसेल, पण निवडणं-टिपणं करताना ती स्वतःशी पुष्कळ बोलायची. शालनला पाहून गप्प झाली.

"आत्ती, माझं कुटं चुकलं ते सापडलं."

"कुटं?"

"द मदी."

शालननं तिला सगळं समजावलं. अक्षर ओळखत नसलेल्या बाईला अक्षर गळतं म्हणजे काय, हे सांगणं सोपं नव्हतं. तिनं कानानं सांगितलं. भणदि, भणइ. जाणदि, जाणइ. गुणाक्काला तिसऱ्या शब्दाला कळलं.

"म्हंजे चाळीस वर्सं मी चुकीचं म्हंतोय?"

"न्हाय आत्ती. तुमचं तुमच्या जागी बरोबर हाय. दोघी सख्ख्या भनी हाईत. थोरली द म्हंती, धाकटी गिळती. परीक्षा धाकटीची हाय."

"आणि मी तुला थोरली शिकवली."

"व्हय."

"मग ते एकोणीस माझं मार्क हाईत. तुझं न्हवंत."

शालनला हसू आलं. गुणाक्काला आलं नाही. ती सुपातला खडा शोधत राहिली. मग म्हणाली, "ह्या पुस्तकात शब्दांचं अर्थ बी हाईत?"

"मागं हाईत. का?"

"मी म्हंतोय त्येचा अर्थ सापडंल काय, बघ. माझ्या सासूनं पाठ करून घेतलं. अर्थ तिलाबी ठाऊक न्हवता. क्षमेचं काय तरी हाय, एवढं कळतंय."

शालननं शेवटाकडचा भाग घेतला, कारण तो तिलाही पाठ होता. मेत्ती म्हणजे मैत्री. सव्वभूदेसु म्हणजे सगळ्या जीवांशी. "हितं बी बघा, तुमचा द हाय. पुस्तकवाल्यांचं भूएसु. आणि फुडं ते वेरं..."

"ते ठाऊक हाय मला," गुणाक्का म्हणाली. "ते कानडी हाय. बेरे. माझं बेरे. मी समद्यांपासनं येगळी, कुणाशी काय संबंध न्हाय. तेवढाच एक शब्द मला कळायचा बघ. लई आवडायचा."

शालननं पान उलटलं आणि बोट लावून शब्द शोधला.

"आत्ती, बेरे न्हवं ते. वेरं म्हंजे वैर. माझं कुणाशीबी वैर न्हाय, असं हाय ते."

गुणाक्कानं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

या घरात तिचं स्वतःचं असं थोडंच होतं. खोली भावाची, चूल भावजयीची, दोन लुगडी शांतिनाथानं आणलेली. तो एक शब्द मात्र तिचा होता. सासरचं सगळं संपल्यावर ती रोज त्या शब्दापाशी येऊन घटकाभर थांबायची आणि तिला वाटायचं, बरोबर आहे, आपण बेरे. आता ही पोरगी सांगत होती, की तसं काही लिहिलेलंच नाही. आधी तिला शालनचाच राग आला. मग लाज वाटली, इतकी की पदर तोंडाला लावावा लागला.

"रोज दोन डाव म्हंतोय गं मी हे," ती म्हणाली. "सकाळी बी, सांजंला बी. वीस वर्सं."

"तुमाला ठाऊक न्हवतं आत्ती."

"आता झालं की ठाऊक."

ती उठली. रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, पदरानं पुसले आणि घरात गेली. शालन पुस्तकं घेऊन तिच्यामागे धावली.

सोप्यात शांतिनाथ परतीच्या मोटारीची वेळ पाहत होता. त्यानं आक्काला येताना पाहिलं आणि त्याला वाटलं, आता नवं टपाल निघणार. जयाबाईलाही तसंच वाटलं. ती दारातून सरकून मध्ये येऊन उभी राहिली.

"सांगा वन्सं."

"तू ऱ्हाऊ दे," गुणाक्का म्हणाली. मग खांबाला हात लावून ती म्हणाली, "आण्णाप्पा."

पन्नाशीला टेकलेले आण्णाप्पा बसल्या जागचे उठून उभे राहिले. शांतिनाथ तेव्हा दहा वर्षांचा होता, तेव्हापासून त्यानं आक्काच्या तोंडून हे नाव ऐकलं नव्हतं. त्याला ते अनोळखी माणसाचं वाटलं.

"तो कागद दोन दिवस दिवळीत का पडला, तेवढं सांग," गुणाक्का म्हणाली. "वीस वर्सं इचारलं न्हाय. आज इचारतोय."

आण्णाप्पांनी सवयीनं बायकोकडे पाहिलं. पण जयाबाई खाली बघत होती.

"कानडीत हुता," ते म्हणाले.

"काय?"

"कागद. कानडीत लिवलेला हुता."

"मग? तुला कानडी येत न्हाय? सकाळधरनं तंबाखूच्या वखारीत कानडीच बोलत असतोस."

"बोलाय येतंय, आक्का. वाचाय येत न्हाय. तवा बी येत न्हवतं, आज बी येत न्हाय." एवढं बोलून ते थांबले, आणि मग जे वीस वर्षं आत होतं ते एका दमात बाहेर आलं. "वखारीतला दिवाणजी यल्लाप्पा वाचून दावतोय, मी सही करतोय. लोकास्नी वाटतंय येतंय. तुझा कागद आला तवा यल्लाप्पा तापानं पडलेला. दुसऱ्या कुणाला दावायची लाज वाटली. म्हटलं आक्काची खुशालीच असंल, यल्लाप्पा उठला की वाचंल. तिसऱ्या दिशी राहवलं न्हाय म्हणून बस्तीत उपाध्यांच्याकडं गेलतो. त्यांनी पयली ओळ वाचली आणि मी तसाच गाडी जुपली."

"मला सांगायचं हुतंस."

"काय सांगू? मला वाचाय येत न्हाय, म्हणून दाजी गेलं, असं सांगू? त्यापरीस कामात हुतो म्हटलं. ते तरी माणसाला सोसतंय. मग सांगायचं म्हटलं तर तू बोलत न्हवतीस."

गुणाक्का खांबाला टेकून खाली बसली. कितीतरी वेळ ती दिवळीकडे पाहत होती. तिथं आता चष्म्याची डबी आणि वखारीच्या किल्ल्या होत्या.

"मी त्या गावच्या मास्तराला मराठीत सांगितलतं," ती म्हणाली. "शब्दाला शब्द. त्यानं मान हलवली आणि लिवलं. कशात लिवलं, मला काय ठाऊक? कागदाला बी भाषा असती, हेच मला ठाऊक न्हवतं रं."

शांतिनाथाच्या हाताखालून रोज शेकड्यानं कागद जात. कानडी, मराठी, इंग्रजी, तो नुसत्या पत्त्यावरून गठ्ठे करायचा. त्याला भरून आलं, आणि त्यानं ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. आण्णाप्पा बहिणीसमोर जमिनीवरच बसले. दोघंही बोलले नाहीत. पण ही गप्प बसण्याची तऱ्हा निराळी होती, हे घरातल्या सगळ्यांना समजलं.

शेवटी गुणाक्कानंच नाक पुसलं. "आता पोरीचं बघ. ती पडली ती माझ्यापायी. मी तिला द शिकवला."

"कसला द?"

"दाव गं बापाला."

शालननं पेपर पुढं केला. आण्णाप्पांनी दिवळीतून चष्मा काढला आणि बोट ठेवून फुल्या मोजल्या. त्रेचाळीसातल्या अडतीस द वरच्या होत्या.

"म्हंजे एकच चूक अडतीस डाव केलीस?"

"व्हय आप्पा."

"परीक्षेला किती दिस हाईत?"

"सहा आठवडे."

आण्णाप्पांनी भावाकडे पाहिलं. शांतिनाथ आता पुन्हा पुतणीच्या बाजूला आला होता. "एकच चूक असंल तर निघंल की अण्णा," तो घाईनं म्हणाला. "परीक्षेला ती माझ्याकडंच ऱ्हाईल. मी सोडायला जातो रोज."

"मगाशी फुडल्या वर्षी म्हणणारा कोण हुता?" आण्णाप्पा म्हणाले. पण रागावले नव्हते.

दौत-टाक आणून दिला तो जयाबाईनं. सदलग्याला मी काय ते कळवते, भाऊ माझा आहे, असं ती म्हणाली. खरं म्हणजे तिच्या मनात अजूनही वैशाखच होता. पण दीर, नवरा आणि नणंद तिघं एका बाजूला, असं या घरात तिनं लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि ते मोडायची तिला इच्छा होईना. "आणि माझी टपालाची नोकरी सुटली, ते एक बरं झालं," ती म्हणाली.

लिहून द्यायचं ते इंग्रजीत द्यायला हवं होतं. शालननंच लिहिलं, चार ओळी. सहीसाठी कागद पुढं केला तेव्हा आण्णाप्पांनी टाक घेतला आणि परत ठेवला.

"आधी वाच. मग त्येचं मराठीत सांग. एकेक ओळ."

"आप्पा, मी खोटं कशाला लिवीन?"

"खोटं न्हवं. मला कळाय पायजे, एवढंच."

तिनं वाचलं. माझ्या मुलीला शिकवणारं शाळेत कोणी नव्हतं, ती स्वतः शिकली आहे, तिच्या निकालाची जबाबदारी मी घेतो. आण्णाप्पांनी ते दोनदा ऐकलं आणि मोडीत सही केली. त्यांची सही नेहमी लपेटदार असे. त्या दिवशी ती शाळकरी पोराच्या अक्षरासारखी एकेक वळण जपत आली.

मग सहा आठवडे मगदुमांच्या घरात द ची शिकार चालली. रबरानं पुस्तक खोडता येतं, जीभ खोडता येत नाही. शालन मोठ्यानं उतारे म्हणायची आणि गुणाक्का समोर शेंगा फोडत ऐकायची. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण चाळीस वर्षांचा कान होता. द आला की ती जमिनीवर बोट आपटायची. पहिल्या दिवशी बोट दुखेपर्यंत आपटलं. फाल्गुन लागेपर्यंत अख्ख्या उताऱ्यात एखाद-दुसऱ्या वेळी आपटू लागलं. संध्याकाळी मात्र ती स्वतःचं म्हणताना प्रत्येक द ठणकावून म्हणायची. "परीक्षेत गाळ, घरात ठेव," असं तिनं भाचीला सांगून ठेवलं होतं. वेरं या शब्दापाशी ती अजूनही थांबायची, पण आता निराळ्या कारणानं.

भावाबहिणीचं बोलणं काही एकदम ओसंडून वाहिलं नाही. वीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. जेवलास काय, चष्मा कुटं हाय, जोंधळं संपाय आल्यात, एवढंच. त्यातही कधी कधी गुणाक्का चुकून "जयाबाई, सांग..." अशी सुरुवात करायची आणि मग तिघंही हसायची.

शालनचं ते शाळेचं पुस्तक अजून आमच्याकडे, मगदुमांच्या पुढच्या पिढीकडे, आहे. पानं पिवळी पडली आहेत. प्रत्येक ओळीत, शब्दांच्या वर, रबरानं खरवडल्याचे डाग आहेत, काही ठिकाणी कागद फाटेपर्यंत. आम्हा पोरांना ते पुस्तक हातात घ्यायला मिळालं की आम्ही एकही न खोडलेला द राहिलाय का, ते शोधत बसायचो. एकच सापडायचा. सव्वभूएसु या शब्दावर तिनं तो तसाच ठेवला होता.

मार्चात शालन बेळगावला गेली. शहापुरात काकाच्या बिऱ्हाडाला लागूनच हातमागाचं घर होतं. उजाडल्यापासून त्याची खटखट सुरू व्हायची आणि त्या तालावर तिनं शेवटची उजळणी केली. निकाल जूनमध्ये लागला आणि ती पास झाली. सदलग्याला जयाबाईनं काय कळवलं आणि पुढं काय झालं, ती निराळी गोष्ट. पण आमच्या घरात अजून गोष्ट सांगतात ती निकालाची नाही, त्याआधी आलेल्या कार्डाची.

पेपर संपल्यावर तिसऱ्या दिवशी ते आलं. पत्त्यात गुणाक्काचं नाव होतं. तिच्या नावानं या घरात आलेलं ते पहिलं टपाल. आण्णाप्पा वखारीतून जेवायला परतत होते आणि पोस्टमननं ते दारातच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी अक्षर पाहिलं. मराठी होतं. डोक्याचा पटका काढला नाही, पायातल्या वहाणा काढल्या नाहीत. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी हाक मारली, "आक्का, कागद आलाय तुझा."

गुणाक्का पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"बसून वाच की."

"न्हाय, आधी वाचतो," आण्णाप्पा म्हणाले. "तीर्थरूप आत्तीस शालनचा साष्टांग नमस्कार. अर्धमागधीचा पेपर झाला. देण्याआधी सगळा दोनदा वाचून पाहिला. एकही द राहिलेला नाही. एका उताऱ्यात वेरं हा शब्द आला होता. त्याचा अर्थ लिहायला मला आठवावं लागलं नाही. आप्पांस विनंती, की हे कार्ड तुम्हीच आत्तीला वाचून दाखवा."

"परत वाच."

त्यांनी परत वाचलं, पहिल्यापेक्षा सावकाश. मग वहाणा काढल्या, पटका उतरवला आणि आत जाता जाता सवयीनं कार्डाचा हात दिवळीकडे नेला.

"दिवळीत नगं," गुणाक्का म्हणाली. "हिकडं आण."